ओलावा आढळला आहे

फोन थरथरला तेव्हा ती आरशाकडे बघत होती. चेहऱ्यासाठी नव्हे. तिच्या टेबलावरच्या यंत्रातला आरसा नखाएवढा होता, त्यात चेहरा मावला नसता. तो आरसा हळूहळू गार करत न्यायचा आणि त्याच्यावर पहिलं धुकं नेमकं कोणत्या तापमानाला धरतं ते टिपायचं, हे तिचं काम. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आपल्यात पाणी किती आहे हे हवा सांगत नाही; तिच्यासमोर काहीतरी गार धरावं लागतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला ही गोष्ट इतकी आवडली होती की तिने घरी फोन करून आईला सांगितली होती, आणि आई म्हणाली होती, "म्हणजे तुझ्या बाबांसारखंच की. तेही आपणहून काही सांगत नाहीत." आज आरशावर धुकं धरायच्या बेतात होतं आणि पालथा ठेवलेला फोन थरथरत टेबलाच्या काठाकडे सरकत होता. तिने तो उचलला. लाल चौकटीत लिहिलं होतं: आईची जागा येथे ओलावा आढळला आहे.

आईला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. वाक्य विचित्र वाटत होतं, पण चूक कुणाचीच नव्हती. बाबांच्या घरात तिने पाण्याचा इशारा देणाऱ्या पांढऱ्या चकत्या बसवल्या होत्या आणि प्रत्येक चकतीला नाव दिल्याशिवाय फोनमधलं ॲप पुढे जाऊ देत नव्हतं. सिंक, बाथरूम, वॉशिंग मशीन अशी नावं तिने भराभर घातली. राहिली खिडकीखालच्या फळीवरची चकती. त्या कोपऱ्याला घरात दुसरं नाव नव्हतंच. आईच्या जागेवरचा चष्मा दे, आईच्या जागेवर ऊन आलंय, असंच सगळे म्हणत आले होते. तेच नाव तिने घातलं. पुढचं ‘येथे’ ॲपने आपल्या मनाने जोडलं. तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आरशावर धुकं धरून गेलं असणार, ते बघायचं राहिलं. ती प्रमुखबाईंच्या केबिनशी गेली आणि म्हणाली, "मॅडम, मला निघावं लागेल. घरी पाणी आलंय." प्रमुखबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाणी आलं तर चांगलंच की. आमच्याकडे दोन दिवस नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या गंभीर झाल्या. "अरे देवा, तसलं पाणी होय. जा, जा तू."

बसमध्ये खिडक्या बंद होत्या आणि काचांवर माणसांचा श्वास धरला होता. सकाळपासून हवा जड होती. प्रयोगशाळेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र सकाळीच कण्हायला लागलं होतं. एरवी तिने मनातल्या मनात काचेवरून बाहेरचं तापमान काढून पाहिलं असतं. आज ती फक्त त्या ओल्या काचेवरून पाण्याचा विचार करत राहिली. मागच्या खेपेला असं वाटेत असताना काही कळलं नव्हतं, सगळं होऊन गेल्यावरच कळलं होतं. बाबांनी बाथरूमचा नळ सोडला, बादली भरेपर्यंत खुर्चीत टेकले आणि तिथेच डोळा लागला. पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये, तिथून हॉलमध्ये, आणि हॉलच्या लादीतून खालच्या मजल्यावर शिंपीकाकांच्या दुकानवजा खोलीत उतरलं. शिंपीकाकांनी बेतून ठेवलेलं कापड भिजलं आणि छताला एक पिवळा नकाशा उमटला. ते वर येऊन दार बडवत राहिले तेव्हा बाबा जागे झाले आणि पायाखाली बघून म्हणाले, "हे कुणी केलं?" हे वाक्य शिंपीकाकांनी दादाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते चिडून सांगत होते, दादाला मात्र त्यात आजार ऐकू आला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, बायकोमुलांसह दूरच्या शहरात. त्या रविवारी तो फोनवर अगदी शांतपणे म्हणाला होता, "हे बघ, पुन्हा एकदा असं झालं की मी बाबांना इकडे आणणार. जागा देऊन टाकू. विषय संपला." बाबा शेजारीच बसले होते. त्यांचा उजवा कान कमी ऐकतो, डावा बरा आहे, आणि फोन डाव्या बाजूला होता. संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, "ठमे, मला दुसऱ्या घरात दिव्याची बटणं सापडत नाहीत गं."

फोन पुन्हा थरथरला. दादाच. त्याच्या फोनवरही तीच लाल चौकट आली असणार, कारण दुसरा नंबर म्हणून तिनेच त्याचा दिला होता. ती अट त्याची होती.

"शास्त्रज्ञबाई, काय चाललंय?"

"बसमध्ये आहे. निघालेय."

"बाबा फोन उचलत नाहीत."

"झोपले असतील."

"तेच तर म्हणतोय मी. मागच्या वेळीही झोपलेच होते." तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने ‘आलो’ म्हटलं. "हे बघ, मी तुझं ऐकलं. चकत्या लावू म्हणालीस, लावल्या. चकती काय सांगते? पाणी आहे. मग आता चकतीचं तरी ऐकू या का?"

"आधी बघू दे मला."

"बघ. आणि खरं काय ते सांग. गोलगोल नको."

ती कधी गोलगोल सांगत नसे, हे त्यालाही माहीत होतं. लहानपणी ताप आला की थर्मामीटर ती स्वतः वाचायची आणि शाळा बुडत असली तरी आकडा एका रेघेनेही वाढवायची नाही. प्रयोगशाळेत हवेचा दमटपणा मोजणारा प्रत्येक मीटर आपलंच खरं म्हणत येतो आणि ती त्याला मिठाच्या द्रावणावरच्या बंद बरणीत ठेवते. तिथली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर ठाम असते. मग मीटर किती खोटं बोलतो ते कळतं. आपल्या घरातली ती बरणी आई होती असं तिला कधीकधी वाटे. आई असताना कोण किती चुकतंय ते आपोआप कळायचं.

चकत्या बसवल्या त्या दिवशी बाबा तिच्या मागेमागे हिंडत होते. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. घरात औषधाच्या वेष्टनावरचा चुकीचा ऱ्हस्वही त्यांना सलतो. तिने फोनवर नमुन्याची सूचना दाखवली तर त्यांना पाण्याचं काही वाटलं नाही, ‘आढळला आहे’ यावर मात्र ते अडले. "आढळला काय? जंगलात वाघ आढळतो. आणि ओलावा कशाला म्हणायचं? भिंतीला येते ती ओल. ओलावा माणसात असतो." ती हसून म्हणाली, "बाबा, यंत्राला एवढं कुठलं कळायला?" "मग लिहिणाऱ्याला तरी कळावं." तिने चकती उलटसुलट करून दाखवली. खाली दोन पितळी ठिपके, वर दोन. खालून पाणी आलं तरी कळेल, वरून थेंब पडला तरी कळेल. दोन ठिपक्यांमध्ये पाणी आलं की वीज वाहते आणि इशारा होतो. हे सगळं तिने नीट, क्रमाने सांगितलं. कामावर आलेल्या नव्या माणसाला सांगते तसं. बाबा मान डोलवत होते. चाचणीचं बटण दाबलं तेव्हा चकती किंचाळली, लाल दिवा लुकलुकला. "ऐकू येतंय ना?" "हो हो," बाबा म्हणाले. मग तिने पॅसेजमध्ये जाऊन ऐकलं, जिन्यात उभं राहून ऐकलं, खाली शिंपीकाकांच्या दारातही ऐकलं. सगळीकडे स्पष्ट.

शेवटची चकती कुठे ठेवायची हे मात्र फळीनेच सांगितलं होतं. खिडकीखालून पाण्याचा पाइप जातो. त्याच्या सांध्यातून मागे कधीतरी थेंब पडायचे. पाइपाखालच्या लाकडी फळीवर फिकट गोल डाग होता, एकात एक अशा दोन-तीन कडांचा, जुना, लाकडात मुरलेला. पाणी पडून वाळलं, पुन्हा पडलं की असाच डाग होतो. चकती त्या डागावर ठेवली तर बरोबर बसली, काठाला काठ. तिला फार बरं वाटलं. पुरावा आणि उपाय एकाच मापाचे क्वचित निघतात. तिने फोटो काढून दादाला पाठवला होता.

त्यानंतर रोज सकाळी हिरवी सूचना येऊ लागली: सर्व ठिकाणे कोरडी आहेत. आपल्या भाड्याच्या खोलीत, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन धरून ती ही ओळ वाचायची. कोरडी म्हणजे नळ बंद. नळ बंद म्हणजे बाबा उठले, त्यांनी अंघोळ केली, आठवणीने सगळं बंद केलं. पूर्वी हे कळायला फोन करावा लागे. "उठलात?" "उठलो." "जेवलात?" "जेवलो." एवढंच बोलणं, पण त्यात मध्ये शांतता असे आणि त्या शांततेत तिकडच्या पंख्याचा आवाज ऐकू येई. आता एका ओळीत सगळं कळतं म्हटल्यावर फोन संध्याकाळवर गेला, मग एक दिवसाआड, मग रविवारी. तिने ठरवून काही केलं नव्हतं. तिच्या खोलीतही पंखा होता, पण त्याचा आवाज वेगळा होता. बस वळली. शेजारच्या बाईच्या पिशवीचा ओला तळ तिच्या गुडघ्याला लागला आणि तिने पाय आवरून घेतला.

जिन्यातच आवाज ऐकू आला. बारीक, सरळ, सुईसारखा. शिंपीकाका गळ्यात टेप लोंबत ठेवून आपल्या दारात उभे होते. "आलीस का बाई? वर केव्हाचं काहीतरी कोकलतंय. मी धंदा सोडून छताकडे बघत बसलोय."

"पडलंय का काही खाली?"

"अजून तरी नाही. पण तुमचं काही सांगता येत नाही." मग थोडं हळू, "म्हातारा दार उघडत नाही गं. मी दोनदा वाजवलं."

ती उरलेला जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढली. किल्ली कुलपात नीट बसेना. बोटं ओली होती. दार उघडलं तेव्हा तिने पहिल्यांदा खाली पाहिलं. लादी कोरडी होती. पॅसेज कोरडा. आवाज इतका तीव्र होता की दातांच्या मुळाशी जाणवत होता, आणि त्या आवाजाच्या अगदी मधोमध, खिडकीशेजारच्या आपल्या खुर्चीत, बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. स्वस्थ. हातात पेन्सिल. एका शब्दाखाली त्यांनी रेघ मारली, समासात खूण केली, मग सावली पडली म्हणून वर पाहिलं.

"ठमे? तू कशी काय आज?"

ती उभीच राहिली. वय वाढतं तसे कानातून वरचे सूर आधी जातात. हे तिने शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. चकतीचा आवाज नेमका त्याच वरच्या पट्टीत होता. तिने तो जिन्यातून ऐकला, शिंपीकाकांच्या दारातून ऐकला, सगळीकडून आपल्याच कानांनी ऐकला. बाबा त्या दिवशी ‘हो हो’ म्हणाले ते लाल दिवा बघून. आणि दार? दाराची घंटाही तशीच, चिमणीसारखी चिवचिवणारी. फोन आतल्या खोलीत उशीखाली.

"बाबा, हे वाजतंय."

"काय वाजतंय?"

ती फळीकडे गेली. चकती डागावर, जिथल्या तिथे होती. तिच्यावर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास होता. ग्लासाला बाहेरून दाट धुकं धरलं होतं, त्यातून ओघळ फुटले होते, आणि ओघळांचं पाणी तळाशी साचून पितळी ठिपक्यांमध्ये पसरलं होतं. पाइपाचा सांधा तिने बोटाने चाचपला. कोरडा ठणठणीत. गळती कुठेच नव्हती. हे पाणी नळाचं नव्हतंच, खोलीतल्या हवेचं होतं. इतके दिवस हवा कोरडी होती, तेव्हा काचेवर पुसटसं धुकं येऊन विरत असेल. आज हवा जड, म्हणून पाझरलं. तिचंच यंत्र, तिचाच प्रयोग, फक्त आरशाच्या जागी ग्लास. तिने ग्लास उचलला. बोटांना झोंबला इतका गार. चकती कुडत्याच्या टोकाने पुसली. आवाज थांबला, आणि मग पंख्याचा आवाज ऐकू आला, तो जुना.

"ती ग्लास ठेवायची बशी चांगली आणलीस," बाबा म्हणाले. "बरोबर मापाची आहे. मागच्या महिन्यापासून म्हणतोय सांगीन सांगीन."

"बशी?"

"तीच ना. तिथे ग्लास ठेवून ठेवून फळीला डाग पडला होता. तुझ्या आईला किती सांगायचो, खाली काहीतरी ठेव."

तिने चकती उचलून डागाकडे पाहिलं. एकात एक गोल कडा. पाइपातून पडणारा थेंब इतका गोल डाग पाडत नाही. थेंब उडतो, पसरतो, लाकडाच्या रेषांबरोबर वाहतो. असा गोल फक्त ग्लासाचं बूड उमटवतं, एकाच जागी वर्षानुवर्षं. हे न कळण्यासारखं काय होतं? दुपारी जेवण झालं की आई इथे बसायची, फ्रिजमधलं पाणी प्यायची, घोट घोट, संध्याकाळपर्यंत. थंडीतसुद्धा. बाबा म्हणायचे, तुझ्या घशात बर्फाचा कारखाना आहे. आणि बाबा स्वतः? गार पाण्याने त्यांच्या दातांतून कळ जाते. त्यांचं पाणी माठातलंही चालत नाही, कोमट लागतं. त्यांचा तांब्या स्वयंपाकघरात झाकलेला असतो. मग हा ग्लास त्यांचा नव्हता. तिला निष्कर्ष आधी कळला आणि त्याचा अर्थ मागून, जिना चढून आल्यासारखा, दमत.

"बाबा, हे पाणी कोणाचं आहे?"

बाबांनी पेन्सिल खिशाला लावली. तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू दादा तिथे उभा आहे. "तू समजतेस तसं नाही हं. मला वेड लागलेलं नाही. ती नाही हे मला माहीत आहे." पंखा फिरत होता. "दुपार झाली की हात आपोआप फ्रिजकडे जातो. पहिल्यांदा झालं तेव्हा मीच दचकलो. मग म्हटलं, जातोय तर जाऊ दे. संध्याकाळी कुंडीत ओततो. वाया जात नाही."

"रोज?"

"रोज म्हणजे... दुपार रोजच होते."

तिच्या हातातला ग्लास गळत होता. बोटांवरून मनगटाकडे एक ओघळ निघाला होता. तेवढ्यात फोन वाजला. दादा. तिने तो डाव्या हाताने कानाला लावला.

"पोचलीस? किती पाणी आहे?"

"पाणी नाही. गळती नाहीच. गार ग्लास ठेवला होता चकतीवर, त्याला बाहेरून पाणी सुटलं. तेवढंच."

दादाने सुस्कारा सोडला, तो फोनमध्ये वाऱ्यासारखा आला. "हात्तिच्या! मी तिकीट बघत होतो." मग तो थांबला. तोही याच घरात वाढलेला होता. "गार? बाबा गार पाणी कधीपासून प्यायला लागले?"

खरं उत्तर तिच्याजवळ होतं, एका वाक्याचं, दशांशापर्यंत अचूक. तिने ते दादाच्या कानाने ऐकून पाहिलं: बाबा रोज आईसाठी पाणी भरून ठेवतात. पुढचं, ती नाही हे त्यांना माहीत आहे, हे दादापर्यंत पोचणार नाही. ते वाटेतच विरेल. पहिलं तेवढं उरेल आणि दादा तिकीट काढेल, प्रेमानेच काढेल. बाबा खुर्चीच्या हातावर नखाने काहीतरी खरवडत होते. तसं तिथे काहीच नव्हतं.

"माझ्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी येणार होते."

"आज? कामाच्या दिवशी?"

"हो. जरा हाताशी वेळ होता."

"मग बसमध्ये बोलली नाहीस ते."

"घाबरले होते ना. सुचलं नाही."

"बरं. बरं झालं मग." तो खरंच मोकळा झाला होता. आवाजावरून कळत होतं. "त्यांना म्हणावं, त्याच्यावर काही ठेवू नका. आणि तू जातेस अधूनमधून हे चांगलं आहे. मला वाटलं होतं, चकत्या लावल्यापासून तुझंही जाणं बंद झालंय." त्याने फोन ठेवला.

बाबांची डावी बाजू तिच्याकडे होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि त्या उजेडाकडे तिला बघवेना.

"तू येणार होतीस? सांगायचं नाही का आधी? दोन भरले असते."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मग दोघंही त्या ‘दोन’पाशी येऊन थांबली. खाली शिंपीकाकांचं मशीन सुरू झालं, एक लांब शिवण घालून थांबलं. तिने ग्लास ओठांना लावला. बाबा "अगं, ते..." म्हणाले. पाणी फार गार होतं. त्याला फ्रिजमधला, बंद भांड्यातला किंचित वास होता. पहिल्या घोटाला कपाळात कळ गेली. ती थांबली नाही. एकदा सांगितलेलं वाक्य निदान आता तरी खरं असावं म्हणून ती पीत राहिली, घोट घोट, आईसारखं नव्हे, आईला एक ग्लास संध्याकाळपर्यंत पुरायचा. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्याच्या बाहेरचं धुकंही ओघळून पातळ झालं होतं आणि काचेतून बाबा दिसत होते, जरा वाकडे.

"संपवलंस?" ते म्हणाले.

"हो."

"सगळं?" त्यांनी हात पुढे करून ग्लास घेतला, उजेडात धरून पाहिला, पान तपासावं तसा. "बरेच दिवस याच्यातलं कुणी प्यायलं नव्हतं." मग त्यांनी तो पालथा करून वर्तमानपत्रावर ठेवला. लगेच तिथे एक ओला गोल उमटला आणि शाई पसरू लागली.

ती चकतीकडे वळली. ठिपक्यांमध्ये अजून पाण्याची एक बारीक रेघ राहिली होती. हातरुमालाने तिने ती टिपून घेतली, मग डागही पुसला, तो पुसला जाणार नव्हता तरी. चकती आता पाइपाच्या सांध्याखाली सरकवून ठेवली, जिथे थेंब पडलाच तर पडेल तिथे. फळीवरचा गोल मोकळा झाला. "बशी हलवलीस?" बाबांनी विचारलं. "हो. दुसरी आणते," ती म्हणाली. "कधी आणशील?" त्यांनी अगदी हलकेच विचारलं, वर्तमानपत्राकडे बघत, आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या फोनवर, आणि त्याच क्षणी दूरच्या शहरात दादाच्या फोनवर, हिरव्या चौकटीत अक्षरं उमटली: आईची जागा आता कोरडी आहे. तिच्या डोळ्यांदेखत त्याच सूचनेखाली दादाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, छान.